पालखीनंतरचे दिवस

कुठल्याही घरी गेल्यावर मोडक डॉक्टर पहिला प्रश्न विचारत तो तारखेचा. माणूस अंगणात ओरडत असो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला असो, की चार दिवस जेवला नसो, डॉक्टर छत्री भिंतीला टेकवत, ओटीवर बसत आणि विचारत, "कधीपासून?"

"तसा पयल्यापासूनच हाय," घरचे म्हणत.

"पहिल्यापासून कुणी नसतं. बिघडला त्याच्या आदल्या दिवशी काय करत होता?"

मग घरात चुळबूळ सुरू होई. कुणी म्हणे, आदल्या दिवशी गवत कापत व्हता. कुणी म्हणे, नाय, तवा तो मुंबईत व्हता. म्हातारी आतून ओरडून सांगे की तिच्या हातची भाकरी खाऊन चांगला झोपला होता. दोन घटका भांडण झाल्यावर एक दिवस सापडे, आणि तो सापडला की घरचे स्वतःच गप्प होत. कारण त्या दिवसापर्यंत आपला माणूस आपल्यासारखाच होता, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी आठवलेलं असे.

"आजाराला तारीख असते, बाई," परत येताना ते मला म्हणत. "घराण्याला नसते. म्हणून लोक घराण्याला बोल लावतात. शोधायचे कष्ट वाचतात."

मी तेव्हा महाडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. वय चाळिशीला आलेलं, पाठीमागे कुणी नाही. बाळंतपणांसाठी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत जावं लागे, त्यामुळे कुठली वाडी कुठल्या वाटेला आणि कुठला ओढा कधी आडवा येतो हे मला पाठ होतं. माझ्या वहीत सगळ्याच्या याद्या असत. कापूस किती उरला, देवीची लस कुणाला टोचायची राहिली, कुणाचे दिवस भरत आले. डॉक्टर आले ते तिसाव्या सालाच्या आगेमागे. उंच, खांद्यात वाकलेले, पायात कॅनव्हासचे बूट, कोटाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे. पहिल्या दिवसापासून ते मला यमुनाबाई म्हणत. माझं नाव द्वारका. दोनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. पण कुणाला कितव्या दिवशी झोप लागली हे त्यांना न बघता सांगता येई.

शेंगदाणे रुग्णासाठी असत. रुग्णापासून हातभर अंतरावर बसायचं, मधे मूठभर दाणे ठेवायचे, एक आपण खायचा आणि थांबायचं. कधी पंधरा मिनिटं, कधी तास. मला पुढच्या वाडीची घाई असे. "यात औषध कुठलं?" मी एकदा चिडून विचारलं.

"माझ्याकडे ब्रोमाइड आहे. त्यानं माणूस झोपतो. झोपणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. तो फरक काय, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. मला बघायचाय."

त्या बघण्यासाठी त्यांनी एक वही केली होती. दर माणसाला एक पान आणि पानावर तीन रकाने: झोप, जेवण, आणि बोलणं कुणाशी. महाडची शहाणी मंडळी हसत. मामलेदार कचेरीतले एक कारकून तर तोंडावर म्हणाले, "काय डॉक्टर, वेड्यांची शिरगणती कुठवर आली?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "बाजारपेठ झाली. आता कचेरी घ्यायचीय."

वेडा हा शब्द मात्र त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. 'आजारी' म्हणत, नाहीतर नाव घेत. चुकीचं का होईना.

महाडातल्या एका वकिलांच्या घरी आम्ही मुलाच्या तापासाठी गेलो होतो. चवदार तळ्याकडून येताना उजव्या हाताला मोठं घर. वकिलांची धाकटी भावजय पुष्कळ वर्षं कुणाला दिसली नव्हती. ती माहेरी असते, असं सांगत. मुलाला तपासून झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "वहिनींचं माहेर कुठलं हो?"

"पेणचं," वकील म्हणाले. त्याच क्षणी चहा घेऊन आलेल्या त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "रोह्याचं."

डॉक्टरांनी चहा संपवला, उठले, आणि माजघराच्या बंद दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मग माहेरी आमचा नमस्कार कळवा. म्हणावं, मोडक डॉक्टर येऊन गेले."

दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला. "नमस्कार."

वकिलांनी बशी खाली ठेवून बाहेरचं दार उघडलं. डॉक्टर पायऱ्या उतरले. रस्त्यावर आल्यावर वही काढली, नवं पान उघडलं, झोप आणि जेवण कोरं सोडलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'बोलल्या. माझ्याशी.' त्यानंतर दर आठवड्याला त्या घरी काहीतरी निमित्त काढून ते जात आणि दाराशी नमस्कार सांगून येत. पुढे ते दार उघडलं. पण ती हकिगत त्या घरातल्यांची आहे, माझी नव्हे.

गावाकडे दार नव्हतं, खोडा होता. झाडाचा जाड ओंडका, त्यात पाय जाईल एवढी दोन भोकं, वरून ठोकलेली खुंटी. पाय आत घातला की माणूस बसू शकतो, आडवा होऊ शकतो, पळू शकत नाही. कशेडी घाटाच्या बाजूच्या एका घरी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरधन्याला म्हणाले, "जरा माझा पाय घाला बघू."

"अवो डॉक्टर, चेष्टा करताव काय?"

"घाला हो. खुंटीही ठोका."

तासभर बसले. बाजूला, त्याच ओंडक्याच्या दुसऱ्या भोकात, त्या घरचा माणूस, मधे शेंगदाणे. मी उन्हात ताटकळत. सुटल्यावर लंगडत ओढ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पहिल्यांदा पाय दुखतो. मग पायाचं काही वाटेनासं होतं. मग राग येतो, समोर जो दिसेल त्याचा. मला तुमचा आला, यमुनाबाई."

भगतांशी त्यांचं वैर असेल असं सगळ्यांना वाटे. तसं नव्हतं. पोलादपूरच्या वर लखू भगत म्हणून एक होता. वाटेत भेटला की दोघं सावलीला बसत.

"काय भगत, माझं गिऱ्हाईक पळवलंत."

"तुमीच पळवलाव. माझा कोंबडा बुडाला."

"गुण आला का पण?"

"आला तर माझ्या देवाचा. नाय आला तर तुमच्या बाटलीचा."

अशाच एका बसण्यात भगतानं ती गोष्ट सांगितली. शिमग्यात पाच दिवस ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ती दाराशी येते तेव्हा घरात कुणी बांधलेलं असता कामा नये. गाय नाय, कुत्रा नाय, माणूस नाय. बांधलेला जीव दिसला तर देव अंगणातून मागे फिरतो.

"मग खोड्यातला माणूस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडत्यात."

"आणि तो काय करतो?"

भगतानं विडी विझवून विचार केला. "काय करत नाय. नाचतो. समदेच नाचत्यात."

"आणि पालखी गेल्यावर?"

"परत घालत्यात."

"का?"

"म्हंजे काय? पालखी गेली ना."

आम्ही पोलादपुरापर्यंत उतरलो. मोटारीची वाट बघताना डॉक्टर अचानक म्हणाले, "त्या पाच दिवसांत तो बरा असतो, बाई. हे सगळ्यांनी पाहिलंय आणि कुणीच बघितलेलं नाही."

त्यांचं जे काही संशोधन होतं, ते इथून सुरू झालं. त्या शिमग्यात ते पालखीबरोबर वाड्या फिरले आणि जिथं खोडा सुटला होता तिथं घरच्यांना विनवलं: पालखी गेल्यावर लगेच घालू नका. एक दिवस थांबा. काय होतं ते मला सांगा. पुढच्या वर्षी म्हणाले, आठवडाभर थांबा. दर घरची नोंद वहीत. सगळ्यांचं चांगलं झालं असं मुळीच नाही. एक जण रानात गेला तो दोन दिवसांनी कशेडीखाली सापडला. एकानं बापाला मारलं. तेही त्यांनी तितक्याच काळजीनं लिहिलं. पण कितीतरी घरी पालखी गेल्यावरच्या दिवशी काहीच झालं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही झालं नाही, आणि खोडा पावसाळ्यात भिजायला बाहेर पडला. ज्यांना घरच्यांनी सोडल्याबरोबर काम दिलं आणि ज्यांच्याशी रोजच्यासारखं बोलत राहिले, ते जास्त दिवस टिकले, असं ते वहीची पानं उलटून मला दाखवत. मी याद्या करणारी बाई. मला ते पटलं.

त्यातला एक धाकू. पोलादपूरच्या वर, वाट जिथं संपते तिथल्या वाडीतला. मुंबईला गिरणीत होता. तारीख डॉक्टरांनी शोधून काढली: ज्या दिवशी साच्याच्या, म्हणजे मागाच्या, आवाजात कुणीतरी त्याचं नाव घेतलं, तो दिवस. गावी आणल्यावर तो आवाज ओढ्यातून येऊ लागला, मग शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीतून. धाकूनं उडवी पेटवली. वारा असता तर वाडी गेली असती. गावकीनं त्याला खोड्यात घातलं आणि दोन वर्षं तो तिथं होता. त्याची आई भागी त्याला हातानं भरवी, आणि भरवताना शेताच्या, गुरांच्या, भावकीच्या सगळ्या गोष्टी सांगे.

मग जो शिमगा आला त्यात पालखी आली, खुंटी निघाली, धाकू नाचला. डॉक्टर गावकीसमोर उभे राहिले. धाकूचा थोरला भाऊ रामा, मुंबईला गोदीत होता, तोही शिमग्याला आलेला. त्याचं म्हणणं, धाकूला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं. सही डॉक्टरांची लागते, ती त्यांनी द्यावी. गावकीचं म्हणणं, मोकळा ठेवायचा तर जबाबदार कोण?

"मी," डॉक्टर म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. धाकू अवसेपर्यंत मोकळा राहील. अवसेला डॉक्टरांनी स्वतः येऊन, बघून, गावकीसमोर पुनवेपर्यंतचा शब्द द्यायचा. पुनवेला परत अवसेपर्यंतचा. मिरग लागेपर्यंत असं निभलं तर खोडा फोडून चुलीत घालायचा आणि रामानं इस्पितळाचं नाव काढायचं नाही. ज्या दिवशी डॉक्टर येणार नाहीत, त्या दिवशी दिवस बुडताना धाकू परत आत.

"कबूल," डॉक्टर म्हणाले. धाकूकडे वळून म्हणाले, "तुला?"

"हाय," धाकू म्हणाला.

फाल्गुनातली अवस झाली. चैत्रातली पुनव झाली. दोन्ही वेळा मी बरोबर होते. धाकू भाताच्या रोपाची जमीन भाजायला, राबासाठी, झाडांचं कवळ म्हणजे फांद्या-पाला तोडून आणत होता. कमरेला कोयता होता आणि त्याकडे कुणी बघतही नव्हतं. डॉक्टरांनी दाणे पुढे केले.

"आवाज येतो अजून?"

"येतो. पन काम असला का मागं ऱ्हातो."

"काय म्हणतो?"

"नाव घेतो फकस्त."

"मग ओ देऊ नकोस."

"नाय देत." धाकूनं दाणा सोलला. "पन कोन हाक मारतंय नि आपुन ओ देत नाय, हे बरा वाटत नाय डॉक्टर."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर दोनदा थांबून वाचलं.

चैत्रातल्या अवसेला देवीची लस टोचायची फेरी आली. अकरा वाड्या. फेरीची यादी नेहमीप्रमाणे मी केली. मी चढ वाचवते; ज्या डोंगरावर एकदा चढायचं त्यावर दुसऱ्यांदा चढायचं नाही, हा माझा नियम. त्या नियमानं धाकूची वाडी शेवटी आली, म्हणजे अवसेच्या दिवशी दुपारनंतर. डॉक्टरांनी यादी पाहिली, "अवसेला पोचतो ना?" विचारलं, मी "पोचतो" म्हटलं. त्यांनी घडी करून खिशात घातली. माझी यादी ते कधी तपासत नसत.

अलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती. पहिलटकरीण, मूल आडवं. तिला टाकून जाणं शक्य नव्हतं. हे मी आजही म्हणते. पुरुष माणसं सगळी रानात गेलेली, वर निरोप न्यायलाही कुणी नाही. डॉक्टर आणि मी दोघंही तिच्यापाशी गुंतलो आणि मूल हाताशी आलं तेव्हा उन्हं डोंगराच्या शेंड्यावर होती. मूल रडलं. डॉक्टर हात धुवायला बाहेर गेले, उन्हाकडे पाहिलं, आणि ओल्या हातांनीच चालू लागले. छत्री राहिली. मी बाळंतिणीपाशी थांबले.

अवसेचा अंधार. ओढ्यापाशी त्यांची वाट चुकली. ते वाडीत पोचले तेव्हा उजाडलं होतं.

मधे काय झालं ते मला भागीनं सांगितलं, नंतर, चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता.

"समदी अंगनात बसली व्हती. जो तो वाटंकडं बघतोय. धाकू कवळाचा भारा टाकून आला, पाय धुतलान. बघितलान समद्यांकडं. मग मला म्हनलान, आये, मी काय क्येला? मी म्हनली, काय नाय रे क्येलास. डॉक्टर नाय आला. तर म्हनतो, ते हाय, पन मी काय क्येला? पाटलाला इचारलान. शेजाऱ्याला इचारलान, ज्याची उडवी जाळली व्हती त्याला. तो रडाय लागला गो बाई. पन शब्द म्हंजे शब्द. मग मीच ठोकली खुंटी. दुसऱ्याचा हात नको म्हनून."

सकाळी डॉक्टरांनी ती खुंटी स्वतः काढली. धाकू उठला, पाय चोळला, कोयता घेतला आणि कवळाला गेला. कुणावर हात उगारला नाही. जेवायला बोलावलं, जेवला. झोपला. गावकी ओशाळली होती. परत घालायचं कुणी नाव काढलं नाही. पण त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न हे त्याचं शेवटचं बोलणं. त्यानंतर धाकू बोलला नाही. आईशी नाही, देवाशी नाही. डॉक्टर दाणे ठेवून बसले तेव्हा तो समोर बसला, दाणे सोलले, सगळे डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवले आणि उठून गेला.

महाडला परतताना मी म्हटलं, "यादी माझी होती."

"यादी रस्त्यांची होती, बाई. माणसांची मी करायला हवी होती." आणि जरा वेळानं, "त्या बाईचं मूल कसं आहे?"

"चांगलं आहे."

"ते लिहा. तेही त्याच दिवशीचं आहे."

पावसाळ्यात दवाखान्यात गर्दी असते, तरी त्यांनी वहीवरून एक लांब निबंध लिहिला. शिमग्याचा रिवाज, दर घरची नोंद, सुटल्यानंतरचे दिवस, काय दिलं तर माणूस टिकतो आणि काय केलं तर ढासळतो. शेवटचं पान धाकूचं. त्यात सरळ लिहिलं होतं की माणूस बरा असताना, त्याचा काही दोष नसताना त्याला बांधलं गेलं, आणि हे घडलं ते निबंध लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. निबंध वरिष्ठांकडे गेला. दिवाळीनंतर उत्तर आलं. सूर अनपेक्षितपणे चांगला होता: निरीक्षण उपयोगी आहे, वैद्यकांच्या मासिकाकडे शिफारस करता येईल, मात्र शेवटचं पान काढावं, त्यानं खात्याची शोभा होते.

मी म्हटलं, "काढा. बाकीचं तरी लोकांपुढे येईल. कुठल्यातरी इस्पितळात कुणीतरी वाचेल, एखाद्याचा साखळदंड निघेल." मला ते अजूनही व्यवहाराचं वाटतं.

"ते पान काढलं तर वाचणारा तीच चूक करेल," डॉक्टर म्हणाले. "सोडलं की झालं, असं समजेल. सोडलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळणं हेच औषध होतं, आणि ते मी चुकवलं. ते न सांगता बाकीचं काय सांगू?"

निबंध छापला गेला नाही. तो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवताना मी त्यांना पाहिलं.

त्याआधी, गणपतीत, रामा दवाखान्यात येऊन गेला होता. हातात घड्याळ, खिशात छापील अर्ज. "डॉक्टरसाब, आता फैसला करा. केस पुरा बिघडला. मुका झाला. सही द्या, मी घेऊन जातो त्याला इस्पितळात."

"धाकू कामाला जातो?"

"जातो."

"जेवतो? झोपतो? कुणाला मारतो?"

"नाय, मारत नाय. पन बोलत नाय ना!"

"तो रागावलाय, रामा. माझ्यावर. रागावलेल्या माणसाला इस्पितळात नाही पाठवत."

रामाचा आवाज चढला. बाकावरचे रुग्ण बघू लागले. "रागावला? अरे वा! तुमच्या भरवशावर मोकळा ठेवलाव आमी. समदा गाव वाट बघत बसला. नि तुमीच नाय आलाव!"

"हो," डॉक्टर म्हणाले.

बाळंतपणाची सबब त्यांच्याकडे होती. ती त्यांनी सांगितली नाही, आणि मी तोंड उघडलं तेव्हा हातानंच मला थांबवलं. रामाला भांडायला पुढे काही सापडेना. अर्जाची घडी करत म्हणाला, "शिमग्याला येतो. तवर बोलला तर ठीक. नायतर सही देनारा दुसरा डॉक्टर हाय."

त्या दिवसापासून मोडक डॉक्टर दर अवसेला आणि दर पुनवेला त्या वाडीत गेले. पावसात, ओढे भरलेले असताना, एकदा अंगात ताप असताना. शब्द मागायला तिथं आता कुणी बसलेलं नसे. ते दिवस बुडायच्या आत पोचत, दाणे ठेवत, धाकू सोलून परत त्यांच्यापुढे ठेवी. वहीतला तिसरा रकाना कोराच राहिला.

माघात बदलीचा हुकूम आला. घाटावर, लांब. शिमग्याला पंधरा-वीस दिवस उरले होते. डॉक्टरांनी दवाखान्याचा ताबा नव्या डॉक्टरांना दिला, माझ्या सगळ्या याद्यांवर सह्या केल्या, शेवटच्या यादीखाली पहिल्यांदाच 'द्वारकाबाई' असं बरोबर नाव लिहिलं, आणि एक वळकटी घेऊन निघायच्या आदल्या दिवशीच वर धाकूच्या वाडीत मुक्कामाला गेले. ट्रंका थेट पोलादपूरला पाठवल्या होत्या.

धाकू पुढे बोलला का, असं मला विचारतात. रामा त्या शिमग्याला आला आणि एकटाच परत गेला, एवढं मला ठाऊक आहे. धाकूला कुणी नेलं नाही, पुन्हा कुणी बांधलं नाही. वाडीत दोन मतं होती. भागी म्हणे, रानात एकटा असला का बोलतो. बाकीचे म्हणत, आयशीला ऐकू येतो, आमाला नाय. मी जे पाहिलं ते सांगते.

पोलादपूरच्या खालच्या अंगाला एक बाळंतपण होतं, म्हणून डॉक्टर निघाले त्या सकाळी मी तिथं मोटारीतून उतरले होते. समोर धाकूच्या वाडीची पायवाट डोंगरावरून उतरते. उघडी, मधे झाड नाही. दोघं उतरत होते. पुढे धाकू, डोक्यावर वळकटी. मागे डॉक्टर, आणि डॉक्टर बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते, हात हलताना दिसत होते. काही पावलं बोलत, मग थांबत. समोरच्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबत, मान हलवत, आणि पुढचं बोलत. थांबले की धाकूही थांबे, पाठ तशीच ठेवून. अख्खी उतरण ते असे आले.

खाली आल्यावर धाकूनं वळकटी मोटारीच्या टपावर चढवली. महाबळेश्वरकडे जाणारी मोटार उभीच होती. डॉक्टरांनी मला ओळखलं की नाही ठाऊक नाही. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले, पण डोळे लाल होते आणि चष्मा हातात होता. मोटार वळणावर गेली. धुरळा बसला. धाकू उलट फिरून चढणीला लागला.

मला बोलवायला आलेला माणूस घाई करत होता. तरी मी उभी राहिले. धाकू चढत होता, मोकळ्या हातांनी, मागेपुढे कुणी नाही. काही पावलं चालला आणि थांबला. एखादं वाक्य बोलायला लागतो तेवढा वेळ. मग चालला. मग थांबला. जिथं जिथं डॉक्टर थांबले होते, तिथं तिथं तो थांबत होता, खालून वर, शेवटच्या प्रश्नापासून पहिल्या प्रश्नापर्यंत.

अंतर फार होतं. आवाज असला तरी माझ्यापर्यंत आला नसता.